'स्टेबल' टाकलं अन् फसलं: फ्रीबीएसडीच्या ब्रँचेस ओळखून मशीन नीट अपग्रेड कसं करायचं

फ्रीबीएसडी म्हणजे लिनक्ससारखीच एक फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टम. ती वापरणाऱ्यांपैकी महिन्यातून एकदा तरी कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, कधी भुसावळहून, कधी धुळ्याहून, अन् रडगाणं तेच, "भाऊ, मी स्टेबल टाकेल आहे, तरी अपडेट येऊन नाही राहिलं." म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकतो.

हसू नका त्यांना, मी स्वतः हेच करून बसलोय. रावेरकडे ओळखीच्या एकाचं केळी पिकवायचं चेंबर आहे, तिथल्या ऑफिसात बिलं अन् टेम्परेचरच्या नोंदी ठेवायला एक मशीन बसवलं, डाउनलोडला रिलीज अन् स्टेबल असे दोन प्रकार दिसले, मी म्हटलं धंद्याचं मशीन आहे तर स्टेबलच टाकू ना भो, नावातच लिहिलंय. मग सिक्युरिटी पॅच आला तेव्हा कळलं की रिलीजवाल्यांना तो पाच मिनिटांत लागतो अन् आपल्याला अख्खी सिस्टम सोर्समधून, म्हणजे मूळ कोडमधून, बांधावी लागणार, तीही ऐन मे महिन्यात, जिथे दुपारी लाइट कधी जाईल याचा नेम नाही.

कमांडी मी खाली देवनागरीत, बोलतो तशा लिहिल्यात. टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाकायच्या, अन् टाकायच्या आधी प्रत्येकीचं मॅन्युअल पान उघडून स्पेलिंग बघून घ्यायचं. नंबर मी १४ च्या मालिकेतले घेतलेत, तुम्ही वाचाल तेव्हा जी रिलीज सपोर्टमध्ये असेल तिचा नंबर घाला.

## टप्पा १: कोणती ब्रँच काय वचन देते ते समजून घ्या

हा टप्पा लोक उडी मारून जातात अन् पुढचं सगळं तिथेच चुकतं, म्हणून इथे जरा जास्त वेळ घालवू.

फ्रीबीएसडीचा सोर्स गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, असतो (डिसेंबर २०२० पासून, त्याआधी सबव्हर्जन होतं). ब्रँच म्हणजे त्याच कोडची वेगळी चालणारी फांदी, अन् आपल्या कामाच्या ब्रँचेस तीन जातीच्या.

पहिली मेन. हिलाच करंट म्हणतात. सगळं नवीन काम आधी इथे येतं. करंटच्या कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे सिस्टमचा गाभा) तपासणीच्या सोयी मुद्दाम चालू ठेवलेल्या असतात, विटनेस, इनव्हेरियंट्स वगैरे, त्यामुळे ते हळू पण चालतं. "करंट टाकलं, लय स्लो आहे" म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

दुसरी स्टेबल/१४, स्टेबल/१५ अशा. एका मोठ्या नंबरला एक. मेनमधून फुटते आणि पुढची काही वर्षं चालते. स्टेबल/१४ ऑगस्ट २०२३ मध्ये फुटली, तिच्यातून १४.० नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं, १४.२ डिसेंबर २०२४ मध्ये, १४.३ जून २०२५ मध्ये.

तिसरी रेलेंग/१४.३ अशी, म्हणजे रिलीज इंजिनिअरिंगची. प्रत्येक पॉइंट रिलीजला, म्हणजे १४.२, १४.३ अशा प्रत्येक लहान नंबरला, वेगळी, अन् ती स्टेबलमधून फुटते, मेनमधून नाही.

आता आपल्याकडच्या माणसाला हे केळीत सांगितलं की लगेच कळतं. मेन म्हणजे जमिनीखालचा कंद, तो सारखा काहीतरी फुटवत राहतो. स्टेबल म्हणजे राखलेलं पील (कंदातून फुटलेलं पिल्लू), वाढतंय, नवीन पानं येताहेत, पण जात बदलणार नाही, पेरलेल्या जातीचंच फळ देणार. अन् रेलेंग म्हणजे निसवलेली, घड बाहेर पडलेली केळी. केळी निसवली की नवीन पान येत नाही ना, तसं रेलेंगमध्ये नवीन फीचर येत नाही. आता फक्त घड सांभाळायचा, रोग दिसला तर फवारणी, वारं आलं तर टेका. ती फवारणी म्हणजे सिक्युरिटी पॅच, अन् टेका म्हणजे एराटा, म्हणजे रिलीजनंतर सापडलेल्या मोठ्या चुकांची दुरुस्ती.

मग स्टेबलमध्ये स्टेबल काय? तर एबीआय, म्हणजे बांधून तयार प्रोग्राम अन् सिस्टम यांच्यातला करार. १४.० वर बांधलेला प्रोग्राम १४.३ वरही चालला पाहिजे, एवढंच ते वचन. मशीन कधी पडणार नाही असं कोणी म्हटलेलं नाही, स्टेबल ही अजून कामं चालू असलेलीच ब्रँच आहे, रोज त्यात काही ना काही पडतं.

ते कसं पडतं तेही बघा. डेव्हलपर बदल आधी मेनमध्ये टाकतो, कमिटच्या (गिटमधल्या त्या बदलाच्या नोंदीच्या) खाली लिहितो की एमएफसी ३ दिवसांनी, किंवा १ आठवड्याने. एमएफसी म्हणजे मर्ज फ्रॉम करंट. तेवढे दिवस करंटवाले तो बदल वापरतात, कोणाचं काही फुटलं नाही तर मग तोच कमिट चेरी-पिक करून, म्हणजे तेवढाच उचलून, स्टेबलमध्ये आणतात, अन् मूळ कमिटचा नंबर मेसेजमध्ये राहतो. काही बदल कधीच एमएफसी होत नाहीत, कारण त्यांनी एबीआय मोडला असता. म्हणून "मेनमध्ये फिक्स झालंय" याचा अर्थ "माझ्या १४.३ मध्ये येईल" असा होत नाही. मेनमधून स्टेबल, स्टेबलमधून पुढची रिलीज, आणि फारच गंभीर असेल तरच चालू रेलेंगमध्ये, असा तो रस्ता.

> सावधान: हाच शब्द दुसरीकडे वेगळा वापरतात. ओपनबीएसडीत स्टेबल म्हणजे रिलीज अधिक पॅच, म्हणजे फ्रीबीएसडीच्या रेलेंगसारखं. डेबियनमध्ये स्टेबल म्हणजे लोकांसाठी काढलेली रिलीजच. तिकडची सवय घेऊन इकडे आलात की हमखास चुकणार.

## टप्पा २: रिलीज निघताना नावं कशी बदलतात

हे थोडक्यात. १४.३ निघायची वेळ आली की स्टेबल/१४ वर आधी हात आखडता घेतात, मग कोड फ्रीझ, म्हणजे रिलीज टीमच्या मंजुरीशिवाय काही टाकायचं नाही. त्या काळात स्टेबलवरचं मशीन आपलं नाव प्री-रिलीज सांगायला लागतं, मग बीटा१, बीटा२. रेलेंग/१४.३ फुटली की तिच्यावर आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट, अन् शेवटी रिलीज. त्यानंतर पॅच पडतील तसं १४.३-रिलीज-पी१, पी२ असं वाढत जातं.

दरवेळी एखादा घाबरून फोन करतो की माझं स्टेबलवालं मशीन अचानक बीटा झालं, कोणी हॅक केलं का. नाही रे बाबा, ब्रँच तीच आहे, नावाची पाटी बदललीये, रेलेंग फुटली की परत स्टेबल म्हणेल.

## टप्पा ३: आपलं मशीन आत्ता कुठे उभं आहे ते बघा

"यूनेम -ए" मारून मोकळं होऊ नका. त्यात फक्त चालू कर्नल दिसतं. "फ्रीबीएसडी-व्हर्जन" ही कमांड तीन अक्षरांसोबत चालवा:

- के लावलं की डिस्कवर इन्स्टॉल असलेलं कर्नल
- आर लावलं की आत्ता चालू असलेलं कर्नल
- यू लावलं की यूजरलँड, म्हणजे बाकीची बेस सिस्टम

तिन्ही उत्तरं कागदावर लिहा. के अन् आर वेगळे आले तर नवीन कर्नल बसलंय पण रीबूट राहिलंय. के अन् आर सारखे पण यू एक-दोन पॅच पुढे, तर बहुतेक वेळा काही बिघडलेलं नाही, तो पॅच फक्त यूजरलँडचा होता, कर्नलला हातच लागला नाही, म्हणून त्याचा आकडा जुनाच राहिला. या एका गोष्टीपायी लोकांनी पूर्ण रीइन्स्टॉल केलेलं मी बघितलंय.

> तपासा: नावात रिलीज, बीटा किंवा आरसी असेल तर फ्रीबीएसडी-अपडेट (तयार पॅच आणून लावणारी कमांड) चालेल. स्टेबल, प्री-रिलीज किंवा करंट असेल तर नाही चालणार, कितीही वेळा मारा. अन् १५ ची मालिका पॅकेजबेस पद्धतीने बसवली असेल तर बेस सिस्टम पण पीकेजीनेच, म्हणजे पॅकेजेस बसवायच्या कमांडनेच, अपडेट होते, तिथेही फ्रीबीएसडी-अपडेट वापरायचं नाही.

## टप्पा ४: कोणत्या ब्रँचवर राहायचं ते ठरवा

दुकान, कारखाना, कॉलेजची लॅब, पतपेढी, जिथे मशीन बंद पडलं की कोणीतरी ओरडणार आहे, तिथे रिलीज, म्हणजे रेलेंग. यावर माझ्याशी वाद घालू नका.

स्टेबल कधी घ्यायची? तुमच्या हार्डवेअरचा ड्रायव्हर किंवा एखादा फिक्स एमएफसी झालाय, पुढची रिलीज अजून चार महिने लांब आहे, अन् तुम्हाला सोर्समधून बांधता येतं, तेव्हा. किंवा पुढची रिलीज आपल्या कामावर आधीच घासून बघायची असेल तर एका जास्तीच्या मशीनवर. मेन फक्त त्यांनी, ज्यांना स्वतः काम करायचंय किंवा बग शोधून कळवायचेत.

सपोर्टचा हिशोब पण इथेच करून घ्या. नवीन पॉइंट रिलीज आली की आधीचीला साधारण ३ महिने मिळतात. १४.३ जून २०२५ मध्ये आलं, १४.२ चा सपोर्ट सप्टेंबर २०२५ च्या शेवटी संपला. स्टेबल/१४ स्वतः ३० नोव्हेंबर २०२८ पर्यंत आहे, पण म्हणून "१४ ला २०२८ पर्यंत बघायलाच नको" असं नाही, त्या मुदतीत तुम्ही १४ च्या पुढच्या-पुढच्या पॉइंटवर सरकत राहायचं आहे. अन् १५ पासून ही पाच वर्षं चारवर आलीत, जुनी आकडेमोड तिथे लावू नका.

> सावधान: मागे येता येत नाही. मशीन आज १४.३-स्टेबल दाखवत असेल तर ते १४.३-रिलीजच्या पुढे गेलेलं आहे, त्याला १४.३-रिलीजवर आणायचा प्रयत्न करू नका. थांबा, पुढची पॉइंट रिलीज निघाली की तिची रेलेंग ब्रँच सोर्समधून बांधा अन् मग फ्रीबीएसडी-अपडेटच्या लायनीत या. मी रावेरचं मशीन असंच आणलं. करंटवरून स्टेबलवर तर उतरूच नका, सरळ बॅकअप घेऊन नवीन बसवा.

## टप्पा ५: तयारी

अपग्रेड तासाभराचं असतं, तयारीला संध्याकाळ जाते, अन् जायलाच पाहिजे.

१. लाइटचा बंदोबस्त. यूपीएसची बॅटरी खरंच किती मिनिटं टिकते ते प्लग काढून बघा, डब्यावर लिहिलेलं सोडा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला असतो अन् बॅटऱ्या आधीच भाजून निघालेल्या असतात. शक्यतो पहाटे काम काढा.

२. बॅकअप, अन् तो दुसऱ्या मशीनवर. एखादी फाइल परत काढून बघा, म्हणजे बॅकअप आहे हे खात्रीचं.

३. बूट एन्व्हायर्नमेंट. डिस्कची फाइलसिस्टम झेडएफएस असेल तर "बीईसीटीएल क्रिएट" मारून आत्ताच्या स्थितीची एक प्रत काढा, नाव ओळखू येईल असं द्या, "जुने-१४२" असं काहीतरी. झेडएफएसवर फ्रीबीएसडी-अपडेट आजकाल स्वतः पण एक बनवतं, तरी मी हाताने बनवतोच. बिघडलं तर बूट मेनूतून जुनी निवडायची, दोन मिनिटांत पूर्वपदावर. यूएफएस ही दुसरी फाइलसिस्टम असेल तर ही सोय नाही, मग मुद्दा २ डबल काळजीने.

४. समोर बसायची सोय. एसएसएचवरून, म्हणजे नेटवरून दुरूनच लॉगिन करून, जळगावात बसून रावेरचं मशीन अपग्रेड करणार असाल तर तिकडे स्क्रीन-कीबोर्ड लावून कोणीतरी बसलेला पाहिजे. अन् टीमक्स वापरा, नेट तुटलं तरी काम चालू राहतं.

५. वाचन. रिलीज नोट्स अन् एराटा. सोर्सवाल्यांनी सोर्सच्या फोल्डरमधली "अपडेटिंग" फाइल, आपण शेवटचं बांधलं त्या तारखेपासून वरपर्यंत. पाच मिनिटं लागतात, कोणी वाचत नाही.

६. बाहेरचे कर्नल मॉड्यूल. ग्राफिक्सचा डीआरएम, व्हर्च्युअलबॉक्स वगैरे पोर्ट्समधून (बेस सिस्टमबाहेरच्या सॉफ्टवेअरच्या संग्रहातून) आलेलं असेल तर यादी करा. पहिल्यांदा फुटतात ते हेच, टप्पा ८ मध्ये बोलू.

## टप्पा ६: रिलीजवरून पुढच्या रिलीजवर

क्रम मोडू नका.

१. आहे त्या रिलीजचे सगळे पॅच आधी लावा: "फ्रीबीएसडी-अपडेट फेच", मग "इन्स्टॉल". कर्नल बदललं असेल तर रीबूट.

२. "फ्रीबीएसडी-अपडेट", आर लावून १४.३-रिलीज, अन् "अपग्रेड". डाउनलोड होईल, मग कॉन्फिगच्या फाइली मर्ज करेल, जिथे तुमचा बदल अन् नवीन बदल भिडतील तिथे एडिटर उघडून विचारेल.

> सावधान: इथे लोक कंटाळून सेव्ह-बंद, सेव्ह-बंद करत सुटतात. ज्या फाइलीत "पेक्षा लहान"ची चिन्हं ओळीने राहिली ती फाइल मोडली समजा. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये राहिली तर रीबूटनंतर तुम्ही बाहेर अन् मशीन आत. पासवर्डच्या फाइलीत तर आणखी मजा. प्रत्येक फाइल शेवटपर्यंत वाचा.

३. "फ्रीबीएसडी-अपडेट इन्स्टॉल" पहिल्यांदा. यात फक्त कर्नल बसतं.

४. रीबूट. हो, इथेच, मध्येच. कारण नवीन कर्नल जुनं यूजरलँड चालवू शकतं, पण नवीन यूजरलँड जुन्या कर्नलला माहीतच नसलेले सिस्टम कॉल मागू शकतं. जिना चढताना आधी कठडा धरतो, तसं.

५. परत "फ्रीबीएसडी-अपडेट इन्स्टॉल". आता यूजरलँड. लोक पहिल्या इन्स्टॉलनंतर रीबूट करून चहाला निघून जातात अन् मग के पुढे, यू मागे असं अर्धवट मशीन महिनोन्महिने चालत राहतं.

६. मोठा नंबर बदलला असेल, म्हणजे १४ वरून १५, तर आधी सगळी पॅकेजेस नव्याने बसवा अन् मग तिसऱ्यांदा "इन्स्टॉल", त्यात जुन्या लायब्ररी निघतात. आधी लायब्ररी काढल्या तर जुनी पॅकेजेस उभीच राहणार नाहीत.

> तपासा: के, आर, यू तिन्ही १४.३ दाखवतात का? एसएसएचचं कॉन्फिग तपासायला "एसएसएचडी -टी" मारा, गप्प राहिलं म्हणजे ठीक. चालू असलेलं एसएसएच सेशन बंद न करता दुसरं उघडून बघा.

## टप्पा ७: स्टेबल सोर्समधून बांधायची असेल तर

ज्यांना गरज नाही त्यांनी सरळ टप्पा ८ वर जा.

१. गिटने क्लोन करताना ब्रँचचं नाव द्या, स्टेबल/१४. नाव न देता क्लोन केलं तर मेन येतं, अन् मेन बांधून बसवलं की टप्पा ४ मधलं "मागे येता येत नाही" लागू. घाईत हे होतं, म्हणून बांधायच्या आधी "गिट ब्रँच" मारून नाव डोळ्यांनी बघा.

२. "मेक बिल्डवर्ल्ड" (वर्ल्ड म्हणजे कर्नल सोडून बाकीची बेस सिस्टम), मग "मेक बिल्डकर्नल". जे लावून कोअर जितके तितका आकडा द्या. जुन्या मशीनवर यात काही तास जातात, एलएलव्हीएम, म्हणजे कंपायलरचं सामान, तेच सगळा वेळ खातं. इथे लाइट गेली तरी काही बिघडत नाही, अजून काही बसवलेलंच नाही.

३. "मेक इन्स्टॉलकर्नल" अन् रीबूट, शक्यतो सिंगल यूजरमध्ये. कारण वर सांगितलं तेच.

४. "ईटीसीअपडेट -पी", मग "मेक इन्स्टॉलवर्ल्ड", मग "ईटीसीअपडेट -बी" (बी मोठा). पी वाली पायरी चुकवली अन् नवीन वर्ल्डला लागणारा एखादा यूजर किंवा ग्रुप सिस्टममध्ये नसला, तर इन्स्टॉलवर्ल्ड मध्येच थांबतं. मर्ज भिडले असतील तर "ईटीसीअपडेट रिझॉल्व्ह".

माझी लाइट गेली ती नेमकी इन्स्टॉलवर्ल्डच्या मध्यात, अन् यूपीएस चार मिनिटांत बसला. अर्ध्या फाइली नव्या अर्ध्या जुन्या, लॉगिन पण होईना. बूट एन्व्हायर्नमेंट होतं म्हणून वाचलो, जुनी निवडली अन् संध्याकाळी परत सगळं केलं, तोपर्यंत चेंबरवाल्याने बिलं हाताने फाडली अन् माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते सांगत नाही.

५. "मेक डिलीट-ओल्ड". पण "डिलीट-ओल्ड-लिब्स" लगेच नको, पॅकेजेस नवीन झाल्याशिवाय हात लावू नका.

या ब्रँचवर राहायचं म्हणजे सिक्युरिटीची सूचना आली की गिट पुल अन् हा सगळा टप्पा पुन्हा. ते जमणार नसेल तर टप्पा ४ परत वाचा.

## टप्पा ८: पॅकेजेस, म्हणजे वेगळीच गाडी

पॅकेजेसच्या ब्रँचेस सिस्टमच्या ब्रँचशी बांधलेल्या नाहीत, हे डोक्यात घट्ट बसवा. त्यांच्या दोन: लेटेस्ट अन् क्वार्टरली. क्वार्टरली दर तीन महिन्यांनी, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरला नवीन फुटते अन् मधल्या काळात तिच्यात मुख्यतः सिक्युरिटी अन् दुरुस्त्या येतात. रिलीजवरचं मशीन डिफॉल्ट क्वार्टरलीवर असतं, तसंच राहू द्या. दोन्ही मिसळून वापरू नका, अर्ध्या लायब्ररी इकडच्या अर्ध्या तिकडच्या झाल्या की पीकेजी काय काय काढून टाकेल ते बघत बसावं लागतं.

आणि एक बारीक गोष्ट. १४ साठीची पॅकेजेस १४ च्या सपोर्टमधल्या सगळ्यात जुन्या पॉइंट रिलीजवर बांधली जातात. साध्या प्रोग्रामला फरक पडत नाही, एबीआयचं वचन आहेच. पण कर्नल मॉड्यूलला पडू शकतो. म्हणून नवीन पॉइंट रिलीज आल्या आल्या उडी मारली अन् स्क्रीन काळी झाली, हे आधी कोणाचं ना कोणाचं व्हायचंच, कारण डीआरएमचं मॉड्यूल आधीच्या रिलीजवर बांधलेलं. १४.२ पासून पीकेजीच्या डिफॉल्ट कॉन्फिगमध्ये त्या-त्या रिलीजवर बांधलेल्या मॉड्यूलची वेगळी रेपॉझिटरी (फ्रीबीएसडी-केमॉड्स) असते, मॉड्यूल तिथूनच घ्या. तिथे ते मॉड्यूल नसेल तर उपाय दोन: ते एक पोर्ट आपल्याच मशीनवर सोर्समधून बांधा, किंवा जुनी रिलीज सपोर्टबाहेर जाईपर्यंत थांबा, तीन महिनेच असतात.

## टप्पा ९: लगेच करू नये असं एक काम

झेडएफएसच्या डिस्कांच्या गटाला पूल म्हणतात. त्याची स्थिती दाखवणारी "झेडपूल स्टेटस" म्हणेल की नवीन फीचर आहेत, "झेडपूल अपग्रेड" करा. नका करू, निदान पंधरा दिवस. पूल अपग्रेड झाला की जुन्या बूट एन्व्हायर्नमेंटला तो कदाचित वाचताच येणार नाही, म्हणजे परतीचा रस्ता तुम्ही स्वतःच्या हाताने तोडला. बूटलोडर जुना राहिला असेल तर मशीन उठणारच नाही. आधी पंधरा दिवस कामाचा लोड जाऊ द्या, मग बूटलोडर नवीन करा, मग पूल, अन् तोही फीचर खरंच लागत असेल तरच. त्यानंतर "बीईसीटीएल लिस्ट" बघून जुनी एन्व्हायर्नमेंट काढा, एक सोडून. रावेरच्या मशीनवर "जुने-१४२" अजून तसंच पडलंय, तीन-चार जीबी जातात, जाऊ द्या.